लंडनच्या बसनं शिकवलेली क्रियापदं

आयुष्य एसटीत गेलं. सांगली विभागात कंडक्टर होतो, आता रिटायर. एसटीत इंग्रजी शब्दांना तसा तोटा नाही बघा. वेबिल, ट्रे, पंच, डेपो, कंट्रोलर, शेड्यूल, नाइट हॉल्ट, ब्रेकडाउन, चेकिंग, फुल, हाफ, पास, लगेज. दिवसभर माणूस इंग्रजीच बोलतोय की काय असं वाटावं. पण लेकीकडं लंडनला गेलो, तिथल्या बसमधून फिरायला लागलो आणि कळलं की आपल्याकडं सगळी नामंच आहेत, क्रियापदाच्या नावानं शंख. कारण आपण काय करतो, कुठलाही इंग्रजी शब्द उचलायचा आणि मागं 'करणे' नाहीतर 'मारणे' लावून द्यायचं. चेक करणे, बुक करणे, अ‍ॅडजस्ट करणे, ब्रेक मारणे, हॉर्न मारणे, टर्न मारणे, बेल मारणे. मराठीत हे झक्कास चालतं, कुणाचं काही अडत नाही. पण इंग्रजी बोलताना हे करणे-मारणे काढून घेतलं की वाक्य जाग्यावरच बसतं, उठतच नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून झालं ते २००० साली. गो वेंट गॉन, कम केम कम, ईट एट ईटन, तिन्ही रूपं अजून झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण कुठलं रूप कधी काढायचं हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही, आणि पुढं कधी गरजपण पडली नाही. तासगाव-मिरज गाडीत 'गॉन' कुणाला म्हणणार.

लेक राहते हाउन्सलोला. डोक्यावरून दर दोन मिनटाला विमान, हीथ्रो जवळच. आणि गंमत म्हणजे या भागात इंग्रजी न बोलता आरामात जगता येतं, शेजारच्या साउथॉल स्टेशनवर तर नावाची पाटीसुद्धा गुरुमुखीत आहे, दुकानात हिंदी चालतं, किराणा सगळा आपला. भाजीची नावं तेवढी बदलून घ्यायची, ब्रिंजलला ऑबर्जिन, लेडी फिंगरला ओक्रा, कॅप्सिकमला पेपर, दह्याला कर्ड म्हणायचं नाही योगर्ट म्हणायचं. नामं काय हो, दोन दिवसात होतात. क्रियापदं मात्र दुकानात मिळत नाहीत, ती मला मिळाली बसमध्ये.

लेक-जावई ऑफिसला, नातू शाळेत, आम्ही दोघं घरात भिंती बघत बसायचो. मग लेकीनं दोघांना ऑयस्टर कार्डं आणून दिली आणि म्हणाली, "अण्णा, बसमध्ये चढताना टच इन करायचं, उतरताना काही नाही. ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, मात्र टच इन आणि टच आउट दोन्ही, विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. आणि पैसे संपत आले की टॉप अप करायचं." तिथंच पहिला धडा झाला म्हणा. टच आपल्याला माहीत, टॉप माहीत, पण मागं हे इन, आउट, अप लावलं की काम बदलतं. मी त्याला शेपूट म्हणायला लागलो. इंग्रजी क्रियापद लहानच असतं, शेपूट कुठलं आहे ते बघायचं.

लंडनच्या बसमध्ये कंडक्टर नाही. रोख पैसेपण नाहीत, जुलै २०१४ पासून बंद. ज्या जुन्या मागून उघड्या लाल बसवर कंडक्टर असायचा त्या नेहमीच्या मार्गांवरून ९ डिसेंबर २००५ ला गेल्या, शेवटची १५९ नंबर. हे जावयानं सांगितलं तेव्हा मला जरा कसंतरीच झालं, पण भाडं ऐकून बरं वाटलं, एकदा टच केलं की तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच. मग काय, हिला घेऊन वरच्या मजल्यावर पुढची सीट धरायची आणि १२० नाहीतर १११ पकडून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, हाच आमचा क्लास.

आणि मास्तर म्हणजे ती रेकॉर्ड केलेली बाई. गाडीत गर्दी झाली की ती म्हणते, प्लीज मूव्ह डाउन इन्साइड द बस. पहिल्यांदा ऐकलं आणि मी हसायलाच लागलो, ही म्हणाली काय झालं. अगं म्हणलं ही माझंच वाक्य म्हणतेय! "पुढं सरका, आत जागा आहे, दारात गर्दी करू नका" हे मी इतक्यांदा ओरडलोय की घसा बसून औषधं खाल्लीत. पण बघा, आपण म्हणतो पुढं सरका, ते म्हणतात डाउन. गाडी सपाट आहे, खाली कुठं जायचं? नातवाला विचारलं तर तो म्हणतो आजोबा रस्त्यावरपण डाउन द रोड म्हणतात, रस्ता सपाट असला तरी. म्हणजे डाउन म्हणजे खालीच असं नाही, इथून तिकडं, लांबच्या बाजूला. हे मला पुस्तकातनं कधी कळलं नसतं, पण उभ्यानं धक्के खात चार पावलं आत सरकल्यावर एकदम कळलं, कारण बाई बोलत होती आणि पाय तेच करत होते.

दुसरं तिचं वाक्य, प्लीज होल्ड ऑन व्हाइल द बस इज मूव्हिंग. याची एक मजा आहे. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी हे सुरू केलं तेव्हा वाक्य वेगळं होतं, होल्ड ऑन, द बस इज अबाउट टू मूव्ह, म्हणजे गाडी आता हलणार आहे. पण व्हायचं काय की गाडी हलून पुढं गेली तरी बाई म्हणतेय हलणार आहे हलणार आहे, लोकांनी टर उडवली, मग वाक्य बदललं. मी म्हणतो यात आख्खा काळाचा धडा आहे. अबाउट टू मूव्ह म्हणजे सुटणार, इज मूव्हिंग म्हणजे सुटलेली, चालू. आपल्याकडं डबल बेल मारायच्या आधीची आणि नंतरची गाडी. आणि हेच होल्ड ऑन जावई फोनवर म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'थांब जरा'. धरायला दांडा नसला तरी होल्ड ऑन.

चढणं-उतरणं हा तर माझा धंदाच. बसला गेट ऑन, गेट ऑफ. ट्रेनला तेच, विमानालापण तेच. पण जावयाच्या गाडीत गेट इन, गेट आउट. का? नातवानं सोपं करून सांगितलं, जिथं उभं राहून चालता येतं तिथं ऑन, जिथं वाकून बुड टेकायचं तिथं इन. शंभर टक्के नियम असेल नसेल, मला आजवर पुरलाय. आणि हे गेट म्हणजे आपल्या 'काढणे'सारखंच आहे बघा, आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, दिवस काढतो, कुणाची खोडी काढतो. बाहेरचा माणूस वेडाच होईल. तसं हे गेट. म्हणून त्याच्यावर चिडायचं नाही असं ठरवलं, आपलंपण काही कमी नाही. 'गाडी लागली' म्हणलं तर ती फलाटाला लागली का पोरगं ओकलं हे परक्या माणसानं कसं ओळखायचं?

ट्यूबमध्ये आणखी एक क्रियापद सारखं कानावर पडतं, अलाइट. अलाइट हिअर फॉर अमुक म्युझियम. मी ते मोठ्या हौसेनं वहीत लिहिलं आणि घरी वापरलं तर नातू म्हणतो आजोबा असं कुणी बोलत नाही, गेट ऑफ म्हणा. मग मला आठवलं की एसटीच्या पाट्यांवर मी जन्मभर 'वाहक' होतो, 'उतारू' होते, 'चालत्या गाडीतून उतरू नये' होतं, पण अख्ख्या नोकरीत मला एकानंही "ओ वाहक" अशी हाक मारली नाही, कंडक्टर नाहीतर मास्तर. पाटीची भाषा वेगळी आणि तोंडातली वेगळी, हे दोन्हीकडं सारखंच. तेव्हापासून वहीत दोन रकाने केले, एक पाटीवरचं, एक तोंडातलं. टर्मिनेट, प्रोसीड, रिमेन हे सगळं पाटीच्या रकान्यात. स्टॉप, गो ऑन, स्टे हे तोंडाच्या.

मधेच बोगद्यात ट्यूब थांबली की ड्रायव्हर सांगतो, वी आर बीइंग हेल्ड अ‍ॅट अ रेड सिग्नल. हे 'बीइंग हेल्ड' मला लई आवडलं. म्हणजे मी थांबलेलो नाही, मला थांबवून ठेवलंय. जबाबदारी एका झटक्यात कंट्रोलवर! आमच्या ड्रायव्हर लोकांना हे वाक्य मिळालं असतं तर किती शिव्या वाचल्या असत्या. शाळेत या पॅसिव्ह व्हॉइसचं 'राम किल्ड रावण, रावण वॉज किल्ड बाय राम' एवढंच करून घेतलं होतं, ते कशासाठी असतं हे बोगद्यात कळलं.

पण सगळ्यात पक्का झालेला धडा म्हणजे स्टॉपवरचा. पळत जावं तर बस नुकतीच गेलेली, स्टॉपवर एक म्हातारी ट्रॉली घेऊन उभी, ती म्हणते, यूव्ह जस्ट मिस्ड इट. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी, इट्स जस्ट गॉन. हॅव, हॅज आणि तिसरं रूप, हे प्रकरण मला कधीच कळलं नव्हतं. पण मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीतपण बसलोय हो! तिथं दिवसभर हेच. "कोल्हापूर गेली का?" "गेली." "कधी?" "आत्ताच गेलीय." "आणि ती सकाळची?" "ती तुम्ही यायच्या आधीच गेली होती." गेली, गेलीय, गेली होती. म्हणजे वेंट, हॅज गॉन, हॅड गॉन. तिन्ही आपल्या तोंडात होतेच की, फक्त कुणी जोडून दिले नव्हते. 'गेलीय' म्हणताना त्या माणसाच्या तोंडावरची निराशा अजून ताजी असते, 'गेली' म्हणजे विषय संपला. मला वाटतं मराठी शाळेत हे असंच शिकवावं, एसटी स्टँडवर नेऊन. पोरं एका दुपारी शिकतील.

भूतकाळाचा राहिलेला भाग निळ्या पाट्यांनी पुरा केला. लंडनमध्ये जुन्या घरांवर गोल निळ्या पाट्या असतात, इथं कोण राहत होतं ते सांगणाऱ्या, १८६७ पासून लावतायत. आम्हाला बाबासाहेबांचं घर बघायचंच होतं. पिकाडिली लाइननं लेस्टर स्क्वेअर, तिथं चेंज करून नॉर्दर्न लाइन, चॉक फार्मला उतरून चालत किंग हेन्रीज रोड, नंबर १०. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं आणि स्मारक केलं. दारावर पाटी, लिव्ह्ड हिअर, १९२१-२२. हिनं चपला काढून नमस्कार केला, रस्त्यावरून जाणारं एक जोडपं थांबून बघायला लागलं, त्यांना काय सांगू कळेना, मग पाटीकडं हात करून म्हणलं, ही लिव्ह्ड हिअर. ही स्टडीड हिअर. ही रोट अवर कॉन्स्टिट्यूशन. एकामागून एक तीन भूतकाळ, न अडखळता, मला स्वतःलाच विश्वास बसेना. ते जोडपं पाटी वाचत उभं राहिलं.

मग पाट्यांचा नादच लागला. मेडा व्हेलला हाउली प्लेसवर लोकमान्यांची पाटी, १९१८-१९, चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावर केलेल्या खटल्यासाठी ते आले होते तेव्हाची. हायगेटला क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर सावरकरांची. सगळीकडं तेच क्रियापद, लिव्ह्ड. दुसऱ्या पाट्यांवर वर्क्ड, डाइड, वॉज बॉर्न. 'हॅज लिव्ह्ड' कुठंच नाही. जावयाला विचारलं तर तो म्हणाला बरोबरच आहे अण्णा, पाटी लावायला माणूस जाऊन निदान वीस वर्षं व्हावी लागतात असा त्यांचा नियम आहे. हॅज लिव्ह्ड म्हणायचं तर माणूस अजून हयात पाहिजे. बास, हे इतकं फिट बसलं की आता चुकणं शक्य नाही. कुणी विचारलं तर मी आय वर्क्ड इन एसटी म्हणतो, आणि आय हॅव बीन मॅरीड फॉर मेनी इयर्स म्हणताना हिच्याकडं बघतो, हे चालू आहे.

आता चेकिंगवाल्याची गोष्ट. आम्ही वरच्या मजल्यावर बसलेलो, दोघं तपासनीस चढले. युनिफॉर्म बघितल्यावर आपोआप ताठ बसलो, नोकरीची सवय. त्यातला वयस्कर, सावळा, पांढरी दाढी, हातात छोटं मशीन, माझं कार्ड लावून बघितलं आणि चीअर्स म्हणाला. इथं थँक्यूला चीअर्स म्हणतात, ग्लास नसला तरी. मला राहवेना, मी म्हणलं, आय वॉज बस कंडक्टर, इन इंडिया. तर तो थांबलाच. म्हणाला, रिअली? वी यूज्ड टू हॅव कंडक्टर्स. माय डॅड वॉज ऑन द बसेस.

ऑन द बसेस! मला वाटलं बसवर कुठं, टपावर का काय. तर नाही, म्हणजे बसच्या नोकरीत. त्याचे वडील बार्बाडोसहून आलेले, लंडन ट्रान्सपोर्टनं १९५६ पासून तिथं जाऊन माणसं भरती केली होती त्यातले. मी विचारलं, बेल? तर त्यानं बोटानं हवेत दोरी ओढल्यासारखं केलं, म्हणाला वन टू स्टॉप, टू टू गो. अहो आमचंपण तेच! एक बेल थांबा, दोन बेल चला. आपल्याकडं पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, तेव्हापासून दोरी ओढतोय आपण. दोघंपण हसायला लागलो, त्याचा जोडीदार खाली जाऊन हाका मारत होता तरी हा हलेना. ही यूज्ड टू टेल मी स्टोरीज, म्हणाला, वडिलांबद्दल. ही यूज्ड टू कम होम विथ ब्लॅक फिंगर्स. नाण्यांनी. मी माझी बोटं दाखवली, म्हणलं मी टू.

हे 'यूज्ड टू' त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की वेगळं शिकावंच लागलं नाही. आपलं असायचे, यायचे, सांगायचे. माझी सगळी नोकरी त्यात बसते. आय यूज्ड टू गेट अप अ‍ॅट फोर, आय यूज्ड टू स्लीप इन द बस, आय यूज्ड टू शाउट. लेकीला हे म्हणून दाखवलं तर म्हणते अण्णा, तुम्ही अजूनपण शाउट करता, यूज्ड टू कुठलं.

ब्रेकडाउनचं राहिलंच. आपल्याकडं 'गाडी ब्रेकडाउन झाली', एक शब्द, नाम, विषय संपला. तिकडं रविवारी रुळाचं काम असलं की ट्रेनऐवजी बस सोडतात, तशी एक आमची मधेच बंद पडली आणि सगळे फोन काढून घरी सांगायला लागले, द बस हॅज ब्रोकन डाउन, द बस ब्रोक डाउन, इट कीप्स ब्रेकिंग डाउन. एका गाडीत बसून तिन्ही रूपं फुकटात. मी खाली उतरून बॉनेट कुठं असतं ते बघायला गेलो तर ड्रायव्हरनं हात जोडून परत पाठवलं.

वही मी अशी केलीय, क्रियापद, त्याचं शेपूट, आणि कुठं ऐकलं ती जागा. अर्थ लिहीतच नाही. 'मूव्ह डाउन, १२० नंबर, साउथॉलच्या आधी, उभ्यानं.' 'रन आउट, टॉप अपच्या दुकानात', हे तर क्रिकेटमुळं आधीच माहीत होतं असं वाटलं होतं, पण तिथं धावा नाहीत, कार्डातले पैसे संपले. जागा आठवली की शब्द येतो, शब्द आठवायला गेलो की काहीच येत नाही. पाठांतर करणाऱ्यांनी काय करायचं ते करावं, माझं वय पाठांतराचं नाही.

आणि आता आमच्या मंडळींचं ऐका. तिनं वही केली नाही, क्रियापद तर एक शिकली नाही. मी वाक्य जुळवत उभा असायचो तोवर ही त्या ट्रॉलीवाल्या म्हातारीशेजारी बसून सुरू. "माय डॉटर, ऑफिस. माय ग्रँडसन, व्हेरी मस्ती. माय हसबंड, बस कंडक्टर. नाउ फ्री." त्या 'नाउ फ्री'वर म्हातारी दोन स्टॉप हसत होती. उतरताना तिनं हिला घरी चहाला बोलावलं, नंबर घेतला, आणि आम्ही परत येऊन इतके दिवस झाले तरी तिच्या मांजराचे फोटो हिला येतात. मला एकपण नाही. परवा तिचा मेसेज होता, 'मिसिंग यू, व्हेन आर यू कमिंग बॅक', तो हिनं मला वाचायला दिला आणि म्हणाली, लिहा आता तुम्ही, तुमची क्रियापदं काढा.